टांकसाळीची चूक की हातोडीचा घाव? एरर नाणी ओळखायला शिकताना

अमळनेरच्या आठवडे बाजारात मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, तेव्हा भाजीवाल्या मावशींनी गल्ल्यातून एक रुपया काढून माझ्यापुढे धरला. "हाऊ रुपया खोटा शे भाऊ. कोन्ही लेत नही, तुम्ही लई जा." मी त्यांना दुसरा रुपया दिला आणि तो खिशात टाकला. एका बाजूला नेहमीसारखा १ चा आकडा, दोन्हीकडे कणसं, खाली १९९५ आणि त्याखाली मुंबईच्या टांकसाळीचा छोटा हिरा. नाणं उलटलं तर सिंहमुद्रेचा पत्ता नाही. तिथेही तोच १, तीच कणसं, तेच १९९५, पण सगळं उलटं आणि आत खोल गेलेलं, ओल्या मातीवर नाणं दाबावं तसं. रात्री आरशासमोर धरलं, तर आरशात 'रुपया' सुलट वाचता आला.

जुने नाणेवाले याला 'लखी' म्हणतात. लाखात एखादंच निघतं म्हणून लखी, असं सांगतात. काही घरांत असा पैसा देव्हाऱ्यात ठेवलेला असतो. एरर नाणी, म्हणजे टांकसाळीत पाडतानाच चुकलेली नाणी, जमवायच्या माझ्या छंदाचा आरंभ या रुपयापासून झाला. त्यानंतर मी ज्या चुका केल्या आणि ज्या गोष्टी शिकायला मला वर्षं लागली, त्या नव्या माणसाला लवकर कळाव्यात म्हणून हे लिहितो आहे.

आधी बिनचूक नाणं पाठ करा

नव्या माणसाची घाई असते ती चूक शोधायची. पण चांगलं नाणं कसं असतं हेच डोळ्यात बसलेलं नसेल, तर चूक दिसणार कशी? म्हणून पहिला महिनाभर काही विकत घेऊ नका. ओळखीच्या किराणा दुकानदाराकडून शे-दोनशे रुपयांची चिल्लर बदलून आणा. जेवणं झाल्यावर टेबलावर वर्तमानपत्र पसरा, दिवा एका बाजूने तिरका ठेवा आणि एकेक नाणं पाहत बसा.

सुरुवात वर्षाच्या आकड्याखाली करा. तिथे हिरा असेल तर नाणं मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे बाकी तिघींच्या तुलनेत ती फारच नवी. 'खूणच नाही, म्हणजे छापताना राहिली' असं सांगून कोणी नाणं विकायला आला, तर ते कोलकात्याचं साधं नाणं आहे एवढं तुम्हाला माहीत हवं. १९९० च्या दशकाच्या शेवटी सरकारने काही नाणी परदेशातून पाडून आणली होती. १९९९ च्या ५ रुपयांवर मॉस्कोच्या टांकसाळीची रशियन अक्षरं दिसतात, १९९८ च्या एका रुपयावर स्लोव्हाकियातल्या क्रेम्नित्साची खूण दिसते. ही नाणी जमवायला छान आहेत, पण त्यांच्यात चूक काहीच नाही.

मग वजन. १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा आणि २५ मिलिमीटर व्यासाचा. अकरा कोनांचं जुनं २ रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं. ५ रुपयांचं जुनं जाड नाणं ९ ग्रॅमचं, त्यानंतर आलेलं पिवळं ६ ग्रॅमचं. दोन धातूंचं १० रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं आणि २७ मिलिमीटरचं. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा मिळतो, तो घ्या. सोबत १० पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक छोटं लोहचुंबक. भिंग जळगावच्या सराफ बाजारात जाऊन घेतलं तर उत्तम, कारण ते डोळ्याशी कसं धरायचं हे तिथला माणूस हातात देऊन दाखवतो. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि नाणं जवळ आणायचं. आपण नेमकं उलटं करतो.

लोहचुंबक कशासाठी? स्टीलचा रुपया चिकटतो, ५ रुपयांचं जुनं जाड नाणं चिकटत नाही, कारण ते तांबं आणि निकेलचं आहे. पिवळं ५ रुपयांचंही चिकटत नाही. ५ रुपयांचं स्टीलचं एक नाणं मध्यंतरी येऊन गेलं, ते चिकटतं. धातू बदलण्याच्या काळात जुन्या धातूची कोरी चकती नव्या नाण्याच्या ठशाखाली जाण्याची शक्यता असते, आणि असं नाणं पकडायचं तर वजन आणि चुंबक हे दोनच साक्षीदार. नुसत्या रंगावर जाऊ नका. हळद, शेंदूर, तेल आणि घामाने नाण्याचा रंग काय वाटेल तसा बदलतो.

यंत्रात नेमकं काय घडतं

हे समजलं की निम्मं काम झालं.

पोळी लाटून वाटीने पुऱ्या कापाव्यात, तशा धातूच्या लांब पट्टीतून कोऱ्या चकत्या कापल्या जातात. मग त्या भट्टीत तापवून मऊ करतात, त्यांची कड दाबून थोडी उचलतात आणि धुऊन पुसून छापखान्यात पाठवतात. तिथे खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती कॉलर नावाचं पोलादी कडं. चकती कड्यात बसते, वरचा ठसा आदळतो, धातू दबून ठशाच्या खळग्यांत शिरतो, बाजूने कड्याला भिडतो आणि नाणं तयार होतं. ते बाहेर पडतं आणि पुढची चकती आत येते. हे इतक्या वेगाने चालतं की माणसाच्या नजरेला एकेक नाणं दिसतही नाही.

आता एकेक बिघाड डोळ्यांपुढे आणा. वाटी आधीच्या पुरीच्या भोकावर थोडी चढली, तर नव्या पुरीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. नाण्याच्या भाषेत हा 'क्लिप'. चकती कड्यात नीट न बसता बाजूला सरकली आणि ठसा आदळला, तर चित्र एका अंगाला जातं आणि दुसऱ्या अंगाला कोरी चंद्रकोर राहते. हे 'ऑफ-सेंटर'. कडं वर आलंच नाही, तर धातू मोकाट पसरतो आणि नाणं नेहमीपेक्षा रुंद व पातळ होतं. छापलेलं नाणं बाहेर न पडता पुन्हा ठशाखाली सापडलं, तर दुहेरी छाप. आणि छापलेलं नाणं वरच्या किंवा खालच्या ठशालाच चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीच्या एका बाजूला ठसा उमटतो आणि दुसऱ्या बाजूला त्या चिकटलेल्या नाण्याचं अंग दाबलं जातं, खोल आणि आरशातल्यासारखं उलटं. माझा लखी रुपया असा जन्माला आला.

ठसा स्वतः थकतो, हा आणखी एक प्रकार. पोलादाला चीर पडली की त्या चिरेत धातू शिरतो आणि नाण्यावर वेडीवाकडी उंच रेघ येते. ठशाचा कडेचा तुकडा उडाला तर तिथे गाठीसारखा फुगवटा येतो. ठशाच्या खळग्यात वंगण भरलं तर एखादं अक्षर पुसट उमटतं. हे शेवटचं सगळ्यात जास्त दिसतं आणि त्याला जवळपास काहीच भाव नसतो, हे नवशिक्यांनी मनावर कोरून ठेवावं. 'भारत' मधला 'भ' अर्धा दिसत नाही म्हणून लाख रुपये मागणारे मी पाहिले आहेत.

ठसे एकमेकांच्या तुलनेत फिरलेही असू शकतात. सिंहमुद्रा सरळ धरा आणि वहीचं पान उलटावं तसं नाणं डावीकडून उजवीकडे उलटा. आपल्या नाण्यांवर मागची बाजूही सरळच दिसायला हवी. थोडी कललेली असेल तर सोडून द्या. पार आडवी किंवा उलटी असेल तर वेगळी काढून ठेवा.

उंच की खोल?

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: जी गोष्ट नाण्यावर जास्तीची आणि उंच आहे, ती बहुतेक वेळा ठशाकडून आली आहे, जी खोल आहे, ती बहुतेक वेळा बाहेर कोणीतरी केली आहे. ठशावरची चीर नाण्यावर उंच रेघ होते. खिळ्याने ओढलेली रेघ खोल असते आणि तिच्या दोन्ही काठांवर धातू नांगरटीच्या तासासारखा वर आलेला भिंगातून दिसतो. लखीसारखे अपवाद आहेत, पण तिथे खोल गेलेलं अख्खं चित्र असतं, नुसता ओरखडा नसतो.

प्रत्येक नाण्याला एक प्रश्न विचारायचा: हे ठसा पडण्याआधी घडलं, पडताना घडलं, की नंतर? पहिल्या दोनांना मोल आहे. तिसरं म्हणजे मोडतोड. रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं आमच्या भागात पोरासोरांकडे हमखास सापडतं, भुसावळसारखं मोठं जंक्शन जवळ असल्यावर दुसरं काय होणार. ते रुंद दिसतं, पातळ दिसतं, अगदी कड्याशिवाय छापल्यासारखं भासतं. पण त्यावरची अक्षरंसुद्धा पसरून फुगलेली असतात. कड्याशिवाय छापलेल्या खऱ्या नाण्यात मधली अक्षरं ठसठशीत आणि नेहमीच्याच मापाची असतात, पसरलेली असते ती कड.

क्लिपची परीक्षा मला फार आवडते. कानशीने कोर काढलेलं नाणं आणि टांकसाळीत कोर पडलेलं नाणं समोरून सारखं दिसतं. तुम्ही खाचेकडे पाहू नका, खाचेच्या बरोबर समोरच्या कडेकडे पाहा. कड उचलणारं यंत्र चकतीला दोन्ही अंगांनी दाबतं. एका अंगाला धातूच नसेल तर समोरच्या अंगाला दाब बसत नाही, म्हणून तिथली कड बुजलेली, अशक्त राहते. कानस चालवणाऱ्याला समोरची कड पुसट करायचं सुचत नाही. शिवाय खऱ्या खाचेजवळ अक्षरांचा धातू खाचेकडे किंचित ओढला गेलेला दिसतो. कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीने चिरल्यासारखं मध्येच तुटतं.

१० रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याला वेगळा नियम लावा. मधली टिकली निखळून पडलेलं कडं हे तुटलेलं नाणं आहे, मग समोरचा काही म्हणो. टिकली सरकलेली असेल तर ठशाचं चित्र त्या सांध्यावरून अखंड गेलं आहे का ते पाहा. टिकली आधी सरकली आणि ठसा नंतर पडला, तर रेघा सांधा ओलांडून सरळ जातात. नंतर कोणी टिकली काढून फिरवून बसवली असेल, तर रेघा सांध्यावर अडखळतात.

मी कसा फसलो

एका यात्रेत जुन्या वस्तूंच्या पथारीवर मला दोन्हीकडून छापा असलेला रुपया दिसला. १,२०० रुपये मोजले आणि रात्रभर आनंदात होतो. दुसऱ्या दिवशी सराफाकडे काम करणाऱ्या मित्राने तो फरशीवर टाकला. खणखणीत आवाज यायला हवा तिथे बद्द असा आवाज आला. मग त्याने भिंगाखाली कडेच्या आतल्या बाजूला नखाने चाचपून दाखवलं. तिथे केसाएवढा सांधा होता. एक नाणं आतून कोरून वाटीसारखं केलेलं, दुसरं घासून लहान केलेलं, आणि एकात दुसरं बसवून चिकटवलेलं. वजनही ४.८५ भरत नव्हतं.

दोन्ही बाजूंना एकसारखं उठावदार चित्र असलेलं नाणं दाखवलं गेलं, तर ते बनवलेलं आहे असं धरूनच चाला. छाप्याचा ठसा आणि काट्याचा ठसा यंत्रात वेगवेगळ्या जागी बसतात, दोन्हीकडे छापाच बसणं ही फार लांबची गोष्ट.

खोटा लखी बनवायची रीत आणखी सोपी. दोन नाणी एकमेकांवर ठेवून लोहाराच्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळायची. एकाचं चित्र दुसऱ्यावर उलटं उमटतं. पण त्या दाबात उरलेल्या बाजूही चेपतात. म्हणून लखी पाहताना खोल बाजूवर भाळू नका, आधी चांगली बाजू तपासा. ती ठसठशीत हवी, कड धड हवी. खोल बाजूच्या चित्राखाली मूळ छापाचे अवशेष, सिंहाच्या आयाळीचा एखादा तुकडा, 'INDIA' चा दांडा असं काही डोकावत असेल, तर नाणं आधी पूर्ण छापलं गेलं होतं आणि नंतर कोणी दाबलं. खऱ्या लखीत तिथे दुसरं काही कधी उमटलेलंच नसतं.

दुर्मीळ आणि महाग या दोन गोष्टी

इथे जरा थांबतो, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

सरकून छापलेलं प्रत्येक नाणं जगात एकटंच असतं. अगदी तितकंच, त्याच कोनात सरकलेलं दुसरं मिळणार नाही. तरी बहुतेकांना थोडकाच भाव येतो, कारण त्या एका नाण्याची वाट पाहणारं कोणी नसतं. उलट ब्रिटनचं २० पेन्सचं एक नाणं घ्या. २००८ मध्ये रचना बदलली, वर्ष एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेलं. बदलाच्या गडबडीत जुन्या रचनेचा एक ठसा नव्याच्या जोडीला लागला आणि वर्षच नसलेली नाणी बाहेर पडली. तिथल्या टांकसाळीच्या अंदाजाने अशी ५०,००० ते २,००,००० असावीत. म्हणजे दुर्मीळ म्हणावं असं त्यात फार नाही. तरीही ती दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भावाने विकली जातात, कारण त्यांना नाव आहे, गोष्ट आहे, आणि ब्रिटिश नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाला वहीतली ती एक जागा भरायची असते.

आपल्याकडचं उदाहरण १९११ च्या रुपयाचं. पंचम जॉर्जच्या वस्त्रावर हत्तीची आकृती होती. ती इतकी आखूड सोंडेची उतरली की लोकांना डुक्कर वाटलं. बोभाटा झाला. पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी ७ लाखांच्या आसपासच बाहेर गेले, बाकी वितळवले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. ही यंत्राची चूक नव्हे, ठसा कोरणाऱ्याच्या हाताची. पण सगळ्यांना ठाऊक आहे, वर्ष ठरलेलं आहे, म्हणून त्याला कायम गिऱ्हाईक आहे.

तेव्हा भावाचा अंदाज करताना माझ्या डोक्यात हे प्रश्न असतात. चूक हातभर अंतरावरून दिसते का? वर्ष आणि टांकसाळीची खूण वाचता येते का? अर्धं चित्र गेलेलं, पण वर्ष शाबूत असलेलं ऑफ-सेंटर नाणं वर्ष नसलेल्यापेक्षा नेहमी वरचढ. नाणं वापरून झिजलंय की चमक टिकून आहे? दर्शनी किंमत मोठी आहे का? मोठी नाणी जास्त डोळ्यांखालून जातात, त्यामुळे त्यांतल्या चुका कमी सुटतात. आणि शेवटी, ही चूक मागणारी दोन माणसं तरी माझ्या ओळखीत आहेत का? लिलावात भाव चढायला दोघे लागतात, एकट्याने काही होत नाही.

भाव पाहायचा तो विकला गेलेल्या नाण्याचा. कोणी जाहिरातीत ५ लाख मागितले म्हणजे ती किंमत झाली नाही, मागायला कोणाचं काय जातं? मुंबईची तोडीवाला ऑक्शन्स, अहमदाबादची क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी, बंगळुरूची मरुधर आर्ट्स यांच्या झालेल्या लिलावांच्या याद्या चाळा. कोणतं नाणं खरोखर कितीला गेलं ते कळतं, आणि फोटो पाहून पाहून नजरही तयार होते. मी अजूनही रविवारची दुपार यात घालवतो.

खान्देशातल्या जुन्या नाण्यांबद्दल

आपल्या भागात घरोघरी जुनी चांदीची आणि तांब्याची नाणी आहेत. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी ती फारुकी सुलतानांच्या खान्देशची राजधानी. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि पुढे बऱ्हाणपुरात मुघलांची टांकसाळ चालली. इकडे चांदवडला होळकरांची. ही नाणी यंत्रावर पाडलेली नाहीत. खालच्या ठशावर चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोडा. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे मजकुराचा काही भाग नाण्याबाहेरच राहायचा. दोन्ही बाजू एकमेकींशी कशाही कोनात असायच्या. म्हणून जुन्या रुपयावर नाव अर्धवट आहे, चित्र मधोमध नाही, हे दोष धरायचे नाहीत. त्या काळाची ती रीतच. त्यावरचे बारीक टोचेही सराफांनी चांदी पारखताना मारलेले आहेत. उलट एखाद्या नाण्यावर टांकसाळीचं नाव पूर्ण उतरलं असेल, तर त्याला जास्त मोल.

सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल बायांच्या गळ्यात राणीछाप, राजाछाप रुपयांच्या माळा असतात. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. माळेतल्या रुपयाला कडी डाक लावून जोडलेली असते, म्हणून संग्राहक तो सुटा घेणार नाही. कडी काढायच्या भानगडीत पडू नका, डाग राहतोच. अख्खी माळ दागिना म्हणून जपावी अशी असते. ती तोडून नाणी विकायला निघालेला माणूस मला दिसला तर मी हात जोडून त्याला थांबवतो.

शेतात नांगरताना नाण्यांचं मडकं लागलं, तर ते घरात ठेवता येत नाही. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरील नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि परदेशी पाठवता येत नाहीत. २०११ च्या नाणे कायद्यानुसार चालू नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रयोग म्हणूनही असलं काही करू नका.

अफवांचा बाजार

वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, हे तुमच्या मोबाईलवर कधी ना कधी आलंच असेल. ते साधं स्मारक नाणं आहे, भरपूर पाडलेलं. 'जुनं नाणं द्या, आम्ही लाखात घेतो' म्हणणारा नोंदणी शुल्क, कर किंवा कमिशन आधी भरायला सांगतो, तिथेच फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून हा धंदा इतका वाढला होता की ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतः पत्रक काढलं: आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कोणालाही असे पैसे घ्यायची परवानगी दिलेली नाही.

१० रुपयांच्या नाण्याचंही तसंच. ₹ चिन्ह असलेलं खरं आणि नसलेलं खोटं, १० रेघांचं चालतं आणि १५ रेघांचं नाही, अशा वावड्या उठल्या आणि कितीतरी दुकानदारांनी नाणी नाकारली. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की चौदाही नमुने चलनात आहेत. नमुने निराळे, इतकंच.

सांभाळायचं कसं

नाणं धुऊ नका. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांतलं काहीच नको. चमक एकदा गेली की ती परत येत नाही, आणि घासलेलं नाणं पारखी माणूस एका नजरेत ओळखतो. कडेला धरायचं, तोंडावर बोट लावायचं नाही. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात ते पाकीट पाझरतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पुठ्ठ्याची चौकट आणि मायलर या पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेली पाकिटं मिळतात, ती वापरा. कपाट भिंतीला टेकलेलं नको, पावसाळ्यात ओल धरते.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे. खान्देशातून एका दिवसात जाऊन येता येतं. हातोड्याने पाडलेली आणि यंत्रावर पाडलेली नाणी एकाच फेरीत पाहिली की वर लिहिलेलं सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. पोरांना घेऊन जा.

विकत घेताना पावती मागा. समोरचा बिचकला तर घेऊ नका. आणि ज्याच्याकडून घेता त्याला ती वस्तू काय आहे हे माहीत नसेल, तर आधी सांगा, मग भाव करा.

प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर चिठ्ठी हवी: काय, कोणत्या टांकसाळीचं, वजन, चूक कशी घडली, कुठून आलं, किती दिले. पेन्सिलने लिहा, शाई प्लास्टिकमधूनही उतरते. माझ्या पहिल्या पाकिटावर लिहिलं आहे: '१ रुपया, १९९५, मुंबई, लखी, काट्याची बाजू. ४.८४ ग्रॅम. अमळनेर बाजार, भाजीवाल्या मावशी. एका रुपयाला घेतलं. कळल्यावर पुढच्या बाजाराला जाऊन दाखवलं, ५०० रुपये दिले. घेत नव्हत्या, मेथी दिली.'